नायट्रसची लाइन गाडीखालून न्यायची कशी: आधी सुतळी, मग नळी

परवा पुण्याहून पुतण्याचा फोटो आला. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून जुनी होंडा सिटी ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीसाठी, बनवायला घेतलीय, इंजिन झालं, मागची सीटं काढून टाकली, वजन मागे जावं म्हणून बॅटरी डिकीत हलवली आणि आता नायट्रसचा किट, म्हणजे इंजिनात नायट्रस ऑक्साइड गॅस सोडून जास्त ताकद काढायचं सामान, बसवतायत. फोटोत दिसत होतं की स्टीलच्या जाळीची चकचकीत नळी डिकीतून निघालीय आणि केबिनच्या फ्लोअरवरून, बॅटरीच्या जाड केबलला दर वीतभर अंतरावर टाय मारून बांधत, थेट डॅशबोर्डखाली गेलीय. खाली लिहिलेलं, "काका, कसं वाटतंय? एकदम साफ काम ना?" दिसायला खरंच साफ होतं. मी लगेच फोन लावला, पहिलं वाक्य हेच की अरे बाटली अजून उघडली नाहीस ना. नव्हती उघडली. मग दीड तास बोललो आणि शेवटी तो म्हणाला काका हे सगळं लिहूनच काढा, आमच्या गॅरेजमध्ये अजून तिघं आहेत ह्याच मार्गावर. म्हणून हे लिहितोय.

मी ह्यूस्टनला राहतो, माझ्याकडे २००२ ची कॅमॅरो आहे आणि ड्रॅगची पट्टी काय असते ते मी बेटाउनच्या ह्यूस्टन रेसवे पार्कवर शिकलो, २०२२ मध्ये ती पट्टी बंद झाली तोपर्यंत तिथेच जायचो. म्हणजे जे लिहितोय ते इकडच्या किटवरून आणि इकडच्या नियमांवरून, पण नळी आणि गॅस दोन्हीकडे सारखेच वागतात. आणि एक गोष्ट आधीच, हे ट्रॅकवरच्या गाडीसाठी आहे. भारतात रस्त्यावर फिरणाऱ्या, नंबर असलेल्या गाडीत कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, त्यामुळे रोजच्या गाडीत हे करू नका.

सगळ्यात आधी ह्या नळीतून काय वाहतं ते डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, ते बसलं की निम्मे निर्णय आपोआप बरोबर होतात. नायट्रस ऑक्साइड स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला ऑक्सिजन पुरवतो, वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन आहे आणि हवेत २३. बाटलीत तो दाबाखाली द्रव असतो. २० अंशाला बाटलीतला दाब साधारण ७३० पीएसआय, ३० अंशाला ९०० च्या थोडा वर, आणि किटवाले जेट, म्हणजे गॅस किती जाणार ते ठरवणारं बारीक भोकाचं तोंड, बसवताना जो ९०० ते ९५० पीएसआय धरतात तो ह्याच तापमानाचा. टायरमध्ये आपण ३२-३३ भरतो, त्यावरून अंदाज करा. मोकळ्या हवेत तो उणे ८८ अंशाला उकळतो, म्हणजे गळती हातावर आली तर कातडी भाजल्यासारखी गोठते. आणि ३६.४ अंशाच्या वर गेला की त्याचा द्रव राहतच नाही, मग दाब किती चढणार हे बाटली किती भरलीय त्यावर ठरतं आणि तो झपाट्याने चढतो. ३६.४ अंश म्हणजे काय तर पुण्यातली एप्रिलची साधी दुपार. उन्हात उभ्या गाडीची डिकी तर त्याच्या कितीतरी वर असते, आणि इकडे टेक्सासमध्येही तेच. म्हणून उष्णता हा ह्या कामातला मोठा शत्रू, थंड देशातल्या माणसाला जेवढी काळजी करावी लागते त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त.

आता केबिनमधून नळी का नको. नायट्रस हवेपेक्षा दीडपट जड आहे, गळला तर खाली फ्लोअरवर साचतो आणि हळूहळू हवेची जागा घेतो. रंग नाही, वास अगदी पुसट गोडसर. अमेरिकेत गाड्यांसाठीच्या गॅसमध्ये थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळतात, तो नाकाला झोंबतो म्हणून निदान कळतं तरी, शुद्ध गॅसमध्ये तसा कुठलाच इशारा नाही. हेल्मेट घातलेला, काचा बंद असलेला ड्रायव्हर ताशी दीडशे-दोनशेच्या वेगात असताना त्याला गुंगी यावी ह्यापेक्षा वाईट काय असेल. दहा पौंडी बाटलीत साडेचार किलो गॅस असतो, तो सगळा बाहेर आला तर दोन हजार चारशे लिटरच्या आसपास होतो, आणि गाडीच्या केबिनमध्ये एकूण हवाच साधारण तेवढी किंवा थोडी जास्त असते. त्यामुळे नळी गाडीच्या खालून, बाहेरून. डिकीच्या फ्लोअरमधून खाली उतरवायची आणि बॉनेटखाली वर काढायची, मधे केबिन नाहीच.

किटचा खोका उघडायच्या आधी एक काम करा. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही, आणि सुतळीचं रीळ, खडू आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. बाटली जिथे बसणार तिथून सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह, जिथे बसणार तिथपर्यंत सुतळी प्रत्यक्ष लावत जा, जिथे क्लॅम्प येईल तिथे मास्किंग टेपने चिकटवा, खडूने खूण करा. मग गाडी खाली उतरवून, चाकांवर वजन आल्यावर परत एकदा बघा, कारण स्टँडवर असताना मागचा अ‍ॅक्सल किंवा सस्पेन्शनचे आर्म लोंबकळतात आणि जी जागा मोकळी दिसते ती प्रत्यक्षात मोकळी नसते. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. मला ह्या सुतळीच्या कामाला अर्धा दिवस लागतो आणि नळी प्रत्यक्ष बसवायला त्यापेक्षा कमी. सुतळी काढून मोजली की नळीची लांबी मिळते, त्यात हातभर जास्त धरून तयार नळी मागवा. तयार म्हणजे दोन्ही टोकांना फिटिंग बसवलेली, दाबाची चाचणी केलेली, आत पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं, अस्तर आणि वर स्टीलची जाळी. एका नोझलच्या, म्हणजे इंजिनात फवारा सोडणाऱ्या एकाच तोंडाच्या, किटला एएन-४ मापाची नळी पुरते, मोठ्या किटला एएन-६ लागते (आकडा मोठा तेवढी नळी जाड), किटच्या कागदावर असेल तेच घ्या. घरी हॅकसॉने नळी कापून फिटिंग चढवायचा मोह टाळा. कापताना जाळीचे केसाएवढे तुकडे आणि अस्तराचा भुसा आत राहतो, तो पुढे जाऊन जेटमध्ये अडकतो, आणि नायट्रसचं जेट अर्धं बंद झालं तर मिश्रणाचा हिशोब चुकतो, सोलेनॉइड नीट मिटला नाही तर इंजिनात नायट्रस जातच राहतो. इंधनाची रबरी होज, एसीची होज, हायड्रॉलिकची जुनी होज, ह्यातलं काहीही इथे चालत नाही.

नळी कुठून न्यायची त्याचं उत्तर गाडीगणिक वेगळं, पण कशापासून लांब राहायचं ते सगळीकडे एकच. पहिला एक्झॉस्ट. ज्या बाजूने सायलेन्सरचा पाइप जातो त्याच्या विरुद्ध बाजूने नळी न्या. माझ्या कॅमॅरोत मागे एकच पाइप जातो त्यामुळे दुसरी बाजू मोकळी मिळाली, दोन्ही बाजूंनी पाइप असतील तर बाहेरच्या कडेला, दाराखालच्या पट्टीच्या आतल्या अंगाने जावं लागतं. निदान १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि जिथे ते मिळतच नाही तिथे मधे पत्र्याची ढाल लावा आणि नळीवर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. लोक म्हणतात पीटीएफई २६० अंशापर्यंत टिकतं मग कशाला एवढं. नळी टिकेल हो, पण आतला द्रव उकळून त्याचा वायू होतो, सोलेनॉइडपर्यंत अर्धा द्रव अर्धा वायू पोचतो, मिश्रणाचा हिशोब चुकतो, आणि बंद नळीत दाब चढतो तो वेगळाच. त्यावर खाली सविस्तर लिहितो.

दुसरं म्हणजे वायरिंग, आणि इथे मला थोडं थांबून सांगायचंय कारण पुतण्याच्या फोटोत मला नेमकं हेच दिसलं. मी ही कॅमॅरो घेतली तेव्हा तिच्यात नायट्रसची लाइन आधीच बसवलेली होती, कुठल्यातरी गॅरेजने घातलेली. वरून नीट होती. मागच्या बाजूला, जिथे हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, पत्र्याच्या कडेवरून वळतो, तिथे नळी आणि हार्नेस एकाच टायमध्ये बांधलेले. मी टाय कापला आणि नळी बाजूला केली तर हार्नेसवरची काळी टेप एका बोटाएवढ्या लांबीत पूर्ण गेलेली, आतल्या एका वायरचं इन्शुलेशन कानशीने घासावं तसं खाल्लेलं आणि त्यातून तांब्याच्या दोन-तीन तारा चमकत होत्या. स्टीलची जाळी म्हणजे कानशीच असते, गाडी चालताना ती मिलिमीटर मिलिमीटर हलते आणि ज्याला टेकते त्याला खात जाते. नळीवर समोरच्या बाजूला एक काळपट ठिपका होता, नखाने खरवडला तर जाळीची एक तार तुटलेली आणि टोक वितळून गोळा झालेलं. म्हणजे एकदा तरी ठिणगी पडली होती. जाळीतून वीज वाहते, ती दोन्ही टोकांना गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, म्हणजे उघडी वायर टेकली की थेट शॉर्ट, आणि तोही अशा नळीवर जिच्यात ९०० पीएसआयने ऑक्सिजन पुरवणारा द्रव आहे. ती वायर इंधनाच्या पंपाची होती. फ्यूज का उडला नाही माहीत नाही. त्या दिवसापासून माझा नियम ठाम आहे की नळी आणि वायर एका क्लॅम्पमध्ये कधीच नाही, आणि दोघांनी एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात, मधे अंतर ठेवून, दोन्ही वेगवेगळे घट्ट बांधून. आणि बॅटरीची केबल डिकीतून पुढे जात असेल, जशी पुतण्याच्या सिटीत, तर नळी गाडीच्या दुसऱ्या बाजूने. त्या केबलला फ्यूज नसतो बऱ्याचदा, तिच्यातून शेकडो अँपिअर जाऊ शकतात.

तिसरं इंधनाची आणि ब्रेकची लाइन. ह्यांच्या क्लिपा तयार असतात म्हणून त्यातच नळी खोचायचा मोह होतो. नका खोचू. ब्रेकचा पाइप पातळ असतो, जाळी त्याला घासून भोक पाडू शकते, आणि पेट्रोलच्या लाइनला नायट्रसची लाइन चिकटून नेणं म्हणजे आग आणि तिचं खाद्य शेजारी ठेवणं. समांतर जावंच लागलं तर चार बोटं अंतर आणि वेगळे क्लॅम्प.

मग हलणाऱ्या गोष्टी. मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत प्रोपेलर शाफ्टच्या बोगद्यातून नळी नेऊ नका, शाफ्ट तुटला तर चाबकासारखा फिरतो आणि जे हाताशी येईल ते तोडतो. सिटीसारख्या पुढच्या चाकांच्या गाडीत हा प्रश्न नाही पण ड्राइव्ह शाफ्ट आणि चाकाच्या कमानीपासून लांब ठेवा. क्लच आणि फ्लायव्हीलच्या रेषेत शक्यतो नळी आणू नका. एनएचआरए, म्हणजे अमेरिकेतली ड्रॅगची मोठी संस्था, तिच्या नियमात फ्लायव्हीलजवळून जाणाऱ्या साध्या इंधन लाइनला १६ इंच लांबीच्या, आठवा भाग इंच जाडीच्या स्टीलच्या पाइपमधून न्यायला सांगितलंय. जाळीच्या नळीला त्यातून सूट आहे, तरी मी नायट्रसची नळीही तिथे स्टीलच्या पाइपमधूनच नेली, फ्लायव्हील फुटलं तर त्याचा तुकडा जाळीला विचारून थांबत नाही.

आणि जॅकचे पॉइंट! हे सगळे विसरतात. गाडीखाली सगळ्यात सोयीची, सरळ, मोकळी दिसणारी जागा ही बहुतेक वेळा जॅक लावायची जागा असते, आणि तुम्ही नाही तर टायरवाला पोरगा एक दिवस नळीवरच जॅक लावणार. सुतळी लावताना चारही जॅक पॉइंट आणि लिफ्टचे पॉइंट खडूने गोल करून ठेवा. नळी गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाच्या थोडी वरच असली पाहिजे, म्हणजे स्पीड ब्रेकरला टेकलं तर पत्रा टेकेल, नळी नाही.

बाटलीचं थोडक्यात. किटसोबत येणारा लोखंडी ब्रॅकेट, फ्लोअरमधून आरपार बोल्ट आणि खालून मोठे वायसर. होज क्लॅम्प आणि प्लास्टिकच्या टायने बांधलेली बाटली एनएचआरएच्या तपासणीत पास होत नाही आणि ते बरोबरच आहे, अपघातात साडेचार किलो गॅस आणि वर बाटलीचं वजन असा तो गोळा पुढे येतो. बाटलीत एक वाकडी नळी असते जी तळाचा द्रव उचलते, म्हणून बाटली आडवी, लेबल आभाळाकडे, तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला आणि तोंडाकडची बाजू थोडी उचललेली, म्हणजे गाडी सुटली की द्रव मागे सरकतो आणि त्या नळीचं टोक बुडलेलं राहतं. बाटलीच्या व्हॉल्व्हमध्ये एक सुरक्षा चकती असते, बहुतेक साधारण ३००० पीएसआयला फुटते, आणि फुटली की सगळी बाटली काही क्षणांत रिकामी होते. माझी गाडी हॅचबॅक, म्हणजे बाटली ठेवायची जागा आणि केबिन एकच. अशा गाडीत त्या चकतीला जोडलेली जाड नळी, म्हणजे ब्लोडाउनची नळी, फ्लोअरमधून गाडीबाहेर काढणं एनएचआरएने सक्तीचं केलंय. सेडानमध्ये डिकी वेगळी असते खरं, पण पुतण्याने मागची सीटं काढलीत म्हणजे त्याचीही आता हॅचबॅकच झाली, त्याला म्हटलं डिकी आणि केबिनच्या मधे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोक आणि वर ती ब्लोडाउनची नळीही बसव, दोन्ही कर.

भोकं पाडायची वेळ आली की खाली काय आहे ते हात घालून बघा, फोटो काढा, मगच ड्रिल. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या फ्लोअरला लागूनच असते. ड्रिलच्या बिटावर लाकडाचा तुकडा नाहीतर टेपचा जाड गुंडाळा चढवा म्हणजे बिट पत्र्यापलीकडे एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त जाणार नाही. भोकाची कड कानशीने गोल करा, बोट फिरवून टोचत नाही इतकी, कच्च्या पत्र्यावर रंगाचा हात द्या नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंजेल, आणि जाड रबरी ग्रोमेट बसवा. नळी ग्रोमेटला घासत नाही ना ते बघा, त्यासाठी भोकाच्या दोन्ही बाजूंना वीतभराच्या आत एकेक क्लॅम्प हवा. नळी भोकातून ओवताना तिच्या टोकाला टेप गुंडाळा, फिटिंगमध्ये धूळ आणि रंगाचा चुरा जाऊ नये म्हणून. हे छोटं वाटतं पण माझ्या ओळखीतल्या एकाचा सोलेनॉइड ह्याच चुऱ्याने अडकला होता, मिटेचना, आणि बाटली हाताने बंद करेपर्यंत इंजिनात नायट्रस जातच राहिला.

क्लॅम्प म्हणजे रबर लावलेले पी आकाराचे धातूचे क्लॅम्प. प्लास्टिकचे टाय नाहीत, गाडीखालची उष्णता आणि चिखल ते वर्षभरात कडक करून तोडतात. सरळ भागात दर ३० ते ४५ सेंटिमीटरवर एक, वळणाच्या आधी आणि नंतर एकेक. क्लॅम्पने नळी धरली पाहिजे, चिमटली नाही पाहिजे. वळण सौम्य ठेवा, एएन-४ नळीला वळणाची त्रिज्या निदान पाच सेंटिमीटर, मी आठ ठेवतो. पीटीएफईचं एक वाईट असतं की एकदा घडी पडली की ती घडी कायमची, वरून जाळी सरळ दिसते आणि आत अस्तर दुमडलेलं राहतं, म्हणून घडी पडलेली नळी सरळ करून वापरायची नाही, फेकून द्यायची. अवघड कोपऱ्यात नळी वाकवत बसण्यापेक्षा ४५ किंवा ९० अंशाचं फिटिंग घ्या. आणि बसवताना नळीला पीळ पडू देऊ नका, एक टोक घट्ट करताना नळी हाताने धरून ठेवा.

बॉनेटखाली आल्यावर शेवटचा क्लॅम्प बॉडीवर, आणि तिथून सोलेनॉइडपर्यंत चार-पाच बोटं ढील, कारण इंजिन त्याच्या रबरांवर हलतं आणि लाँचला तर चांगलंच उसळतं. ढील म्हणजे लोंबती नळी नव्हे, एक हलका कमानीसारखा वळसा, जो एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे झुकत नाही. सोलेनॉइडच्या अगदी आधी नायट्रसचा फिल्टर, त्याच्यावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने. सोलेनॉइड हेडरपासून, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपांपासून, लांब, आणि तिथून नोझलपर्यंतची नळी जेवढी आखूड तेवढं बरं. वेट किट, म्हणजे नायट्रससोबत जास्तीचं इंधनही सोडणारा किट, असेल तर इंधनाचा सोलेनॉइड शेजारी येतो, तिथे फिटिंगचे रंग लक्षात ठेवा, निळं नायट्रसचं आणि लाल इंधनाचं ही पद्धत बहुतेक किटमध्ये असते, घाईत अदलाबदल झालेली मी बघितलीय. पर्ज, म्हणजे नळीतला गॅस बाहेर सोडून द्यायचा व्हॉल्व्ह, बसवला असेल तर त्याचं तोंड इंजिनच्या हवा ओढणाऱ्या तोंडाकडे नको आणि केबिनची हवा जिथून आत येते त्या जाळीकडेही नको.

फिटिंगबद्दल एकच चूक परत परत दिसते. एएन फिटिंग ३७ अंशाच्या धातूच्या उतारावर धातू टेकून बंद होतं, आट्यांवर नाही. त्यामुळे त्यावर टेफ्लॉन टेप कधीच नको, टेप लावली तर उतार नीट बसत नाही आणि टेपचे धागे आत जातात. सोलेनॉइडच्या शरीरात जाणारे निमुळते आटे असतात ते वेगळे, त्यांना सील लागतं, पण तिथेही टेप नाही तर पीटीएफईची पातळ पेस्ट, आणि पहिले दोन आटे कोरडे सोडून. तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० ह्या नळीच्या आत किंवा फिटिंगच्या तोंडाला लागू देऊ नका, दाबाखालच्या नायट्रसला तेल म्हणजे इंधन. हात धुऊन, स्वच्छ फडकं घेऊन काम करा. हाताने पूर्ण आवळा, मग दोन पाने घ्या, एकाने धरा दुसऱ्याने आवळा, नटाची साधारण एक बाजू फिरेल इतकंच. अ‍ॅल्युमिनियमचं फिटिंग जोर लावून आवळलं की आटे मरतात. गळलं तर जोर लावू नका, उघडून उतार बघा, त्यावर ओरखडा नाहीतर कण सापडेल.

आता चाचणी. सोलेनॉइडकडचं टोक सुटं ठेवून, मोकळ्या जागेत, डोळ्याला चष्मा आणि हातात जाड कातडी हातमोजे घालून, ते टोक कापडात गुंडाळून बाहेरच्या बाजूला घट्ट बांधून, दुसऱ्या माणसाला बाटली क्षणभर उघडायला सांगा आणि बंद करा. सुटी राहिली तर नळी सापासारखी फटकारते म्हणून बांधायचं. पांढरा धूर निघेल, त्यासोबत आतला कचरा. मग टोक जोडा, इंजिन बंद आणि नायट्रसचे स्विच बंद असू द्या, बाटली हळूहळू उघडा आणि साबणाचं पाणी फवारून प्रत्येक जोड बघा, ग्रोमेटजवळ, क्लॅम्पजवळसुद्धा. बुडबुडे नुसते मोठेच येतात असं नाही, बारीक फेस दहा-पंधरा सेकंदांनी वर येतो, तेवढं थांबा. काडी पेटवून बघायची पद्धत सोडून द्या. मग बाटली बंद करून लाइन रिकामी करा, आणि बाटली काढून चांगल्या वजनकाट्यावर तोला, किचनच्या काट्यावर नव्हे, लिहून ठेवा. बाटलीचं वजन हाच खरा मीटर आहे, दाबाचा मीटर गॅस किती उरलाय ते सांगत नाही कारण द्रव शेवटपर्यंत दाब तसाच धरून ठेवतो.

आणि ज्याच्याबद्दल खाली लिहितो म्हटलं होतं ते. बाटलीचा व्हॉल्व्ह बंद, सोलेनॉइड बंद, आणि मधली सगळी नळी द्रवाने भरलेली. चौदा फुटांच्या एएन-४ नळीत किती द्रव मावतो मोजलं तर कटिंग चहाच्या ग्लासाएवढा, ७७ मिलिलिटर, साधारण ६० ग्रॅम. पण तो वायू झाला की ३३ लिटर, आणि नळीत वायूला जागाच नाही. गाडी पिटमध्ये उभी, इंजिन तापलेलं, खालून डांबराची झळ, नळी तापत जाते, द्रव फुगतो, बाटलीची ती ३००० पीएसआयची चकती बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे आहे त्यामुळे तिचा काही उपयोग नाही. मग कुठला तरी जोड तरी सुटतो नाहीतर सोलेनॉइडचं सील जातं आणि नायट्रस इंजिनात साचतो, आणि पुढच्या वेळी स्टार्टर मारला की इनटेक मॅनिफोल्ड फुटतो. म्हणून क्रम असा: रन संपला, बाटली बंद, लगेच पर्ज दाबून नळी रिकामी, मीटर शून्यावर आला हे डोळ्याने बघायचं, मग इंजिन बंद. पर्ज नसेल तर बाटलीकडचं फिटिंग अगदी थोडं ढिलं करून, हातमोजे घालून, आवाज थांबेपर्यंत तसंच ठेवायचं. मधे अजून एखादा हाताचा व्हॉल्व्ह बसवायचा विचार असेल तर हाच धोका दोन जागी होतो हे लक्षात घ्या, म्हणून मी बसवत नाही.

सगळं पास झालं की प्रत्येक जोडावर नटापासून फिटिंगवर जाणारी एक पिवळी रेघ रंगाने ओढा, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता कळतं. पहिल्या दिवशीच्या तीन-चार रननंतर गाडी परत वर घ्या आणि नळीवरून बोट फिरवत टोकापासून टोकापर्यंत जा, जाळीची एखादी तार टोचतेय का, कुठे चमक आलीय का, चमक म्हणजे ती तिथे घासतेय. माझ्या नळीवर पहिल्या दिवशी मागच्या अ‍ॅक्सलजवळ अशी नाण्याएवढी चमक सापडली होती, सुतळीच्या वेळी स्टँडवर मोकळी दिसलेलीच ती जागा, तिथे अजून एक क्लॅम्प घातला आणि नळी दोन बोटं वर उचलली. पुतण्याने काल सगळी नळी काढली, आज तो आणि त्याचे मित्र सुतळी घेऊन सिटीखाली झोपलेत, फोटो येतायत.